बार भरणारा हात

लोणी हे माझे आजोळ. आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेकडचा हा भाग पावसाच्या बाबतीत नेहमीच कमनशिबी. मंचरचा बाजार, घोडेगावची कचेरी आणि जुन्नरचे सोयरेधायरे, एवढ्यातच नानांची हयात गेली. नानींच्या इंतकालानंतर त्यांची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा जुन्या कपड्यांच्या तळाशी चिंधीत गुंडाळलेली एक लोखंडी वस्तू निघाली. लहानपणी मी तिला अडकित्ता समजत असे. तसेच दोन दांडे, तसाच खिळा. पण पाते नाही. तोंडाशी दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा गोल खळगा, आणि दांडे मिटले की वर एक बारीक भोक.

मामा म्हणाले, "हा गोळीचा साचा आहे."

नानांच्या वडिलांकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. बंदूक केव्हाच सरकारजमा झाली. साचा मात्र राहून गेला, कारण कागदोपत्री त्याची नोंदच नव्हती. बंदुकीला नंबर असतो, परवान्याला तारीख असते. साच्याला काहीच नसते.

मी शाळेत इतिहास शिकवते. इतिहासात बंदूक कोणी चालवली आणि कोण पडले याची नोंद असते. गोळी कोणी ओतली, बार कोणी भरला, हे विचारायची आपल्याला सवय नाही. त्या साच्याने मला तो प्रश्न विचारायला लावला.

सुरुवात शब्दांपासून करते, कारण उर्दू माध्यमाच्या शिक्षिकेला तीच वाट सोपी. 'बंदूक' हा शब्द अरबीतून आला. 'बुंदुक' म्हणजे एक कवचीचे फळ, सुपारीएवढे. त्यावरून तेवढ्या आकाराच्या गोळीला तो शब्द लागला आणि शेवटी गोळी फेकणाऱ्या नळीलाही. म्हणजे नाव गोळीचे होते, ते हत्याराला मिळाले. 'तोप' आणि 'चकमक' तुर्कीतून आले, 'काडतूस' आणि 'पिस्तूल' पोर्तुगीजांकडून. सर्वांत अजब प्रवास 'दारू'चा. फारसीत दारू म्हणजे औषध. उर्दूत आपण आजही 'दवादारू' म्हणतो. मराठीत तोच शब्द पिण्याच्या दारूलाही लागला आणि बंदुकीच्या दारूलाही. आणि 'शिसे' मात्र इथलेच, संस्कृत 'सीस'पासून आलेले.

शब्द इथला असला तरी धातू इथला नव्हे. सह्याद्रीचा काळा कातळ ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून झाला. त्यात शिशाची खाण नाही. दख्खनला शिसे बाहेरूनच आणावे लागे, आणि ही गोष्ट बंदुकीच्या कितीतरी आधीची आहे. सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दीने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या ग्रंथात भडोचच्या बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तांबे, कथील आणि शिसे तिच्यात आहे. रोमचा प्लिनी लिहितो की, हिंदुस्थानात शिसे नाही, तिथले लोक रत्ने आणि मोती देऊन ते घेतात. कोकणच्या बंदरांतून घाटावर चढणाऱ्या वाटांपैकी एक मोठी वाट नाणेघाटाची, आणि नाणेघाट चढला की जुन्नर. आमच्या तालुक्यांनी गोळी पाहण्याच्या हजार वर्षे आधी शिसे नाण्याच्या रूपात हाताळले होते.

हे लक्षात ठेवावे, कारण पुढे नेमकी उलटी गोष्ट घडली. नाण्यांचीच गोळी झाली.

मलिक अहमदने निजामशाहीची स्थापना १४९० मध्ये केली, तेव्हा राजधानी जुन्नर होती. नंतर ती अहमदनगरला गेली. तिथे १५४९ मध्ये एका रूमी ओताऱ्याने 'मलिक-ए-मैदान' ही अजस्र तोफ ओतली. तिचे वजन सुमारे ५५ टन भरते आणि आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफखान्याने तोफांमध्ये तांब्याच्या नाण्यांच्या थैल्या भरल्या, असे फरिश्ता लिहितो. फरिश्त्याचे बालपण अहमदनगरच्या दरबाराच्या सावलीत गेले. पुढे १५९५-९६ मध्ये शहजादा मुरादच्या मुघल फौजेने अहमदनगरला वेढा घातला. सुरुंगाने तट फुटला, तेव्हा चांदबीबी स्वतः खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तो बुजवून घेतला. गोळ्या संपल्यावर तिने तांब्याची, मग चांदीची आणि शेवटी सोन्याची नाणी तोफांत भरली, ही कथा परंपरेने सांगितली जाते. कथेतले सोने खरे की खोटे, हा वाद बाजूला ठेवू. कथा टिकली, कारण ती सांगणाऱ्यांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक होती. वेढ्यात सोन्यापेक्षा शिसे महाग असते.

शिसेच का? लोखंड वितळायला १५०० अंशांहून अधिक उष्णता लागते. त्याला भट्टी हवी, भाता हवा, जाणकार ओतारी हवा. शिसे ३२७ अंशांवर वितळते. त्याला घरची चूल पुरते. लोखंडी पळीत तुकडा टाकायचा, फुंकणीने जाळ करायचा, वर आलेली राख काढायची आणि साच्यात ओतायचे. थोड्या वेळाने साचा उघडला की चकचकीत गोळी, तिला भोकाजवळची एक शेपटी. ती शेपटी कापायची आणि पुन्हा पळीत टाकायची. शिवाय शिसे जड असते, पाण्याच्या अकरा पट. मऊही असते, त्यामुळे नळीला खात नाही. बंदुकीचे मापसुद्धा शिशावरूनच ठरले. आजही 'बारा बोअर' म्हणतात ते काय? एका रत्तल शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल, ती बारा बोअर.

म्हणजे तोफ हे कारखान्याचे काम होते, पण गोळी हे घरचे काम होते. गावातल्या बंदुकीची गोळी चुलीवर तयार होत होती. आणि चूल म्हटली की घरातली बाई आली, तिच्या भोवतीची मुले आली. माझ्या विषयाचा गाभा इथे आहे.

आता बार भरण्याकडे वळू. ठासणीच्या बंदुकीत सगळा कारभार तोंडाकडून. शिंगातली दारू मापून नळीत घालायची, वर चिंधी किंवा कागद, मग गोळी, आणि गजाने ठासायची. कानावर रंजक घालायची आणि तोड्याची जळती वात चापाने तिच्यावर टेकवायची. यात माणसाच्या चुकीला केवढी जागा आहे पाहा. दारू जास्त पडली तर नळी फुटते. पेटला नाही म्हणून बार तसाच राहिला आणि विसरून त्यावर दुसरा ठासला, तरी नळी फुटते. गोळी नीट खाली बसली नाही तरी तेच. आणि जळता तोडा एका हातात, दारूचे शिंग दुसऱ्या हातात.

अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त बंदुकांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. तो सांगतो की, पूर्वी नळी पाव भागापेक्षा अधिक भरण्याची सोय नव्हती. बादशहाच्या कारखान्यात पत्रा गुंडाळून, पदर देऊन जी नवी नळी बनू लागली, ती तोंडापर्यंत भरली तरी फुटत नाही. नव्या बंदुकीवर कारागिराचे नाव, गाव, महिना आणि साल कोरले जाई, हेही तो लिहितो. नाव कोरणे याचा अर्थ सरळ आहे. फुटली तर जाब कोणाला विचारायचा, हे ठरलेले होते.

मराठी राज्यात हीच काळजी रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त दिसते. १७१५ च्या सुमाराच्या या ग्रंथात दारूखान्याविषयी बारकाईचे हुकूम आहेत. दारूखाना घराजवळ नसावा, सदरेपासून दूर असावा. तळघराला गच्ची करावी, माच घालून त्यावर दारू ठेवावी, सर्द होऊ देऊ नये. आठपंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण बाहेर काढावे, ऊन द्यावे आणि पुन्हा मोहर करून ठेवावे. पहारा कायम असावा. वर्गात हा भाग सांगताना मुलांचे डोळे चमकतात. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला सुरक्षेची एवढी शिस्त!

पण त्या शिस्तीचा रोख पाहिला तर तो आगीवर आणि ओलीवर आहे. साहजिकच आहे. दारू चुकली तर क्षणात घर उडते. धडा लगेच मिळतो, नियम लगेच होतो. शिसे असे करीत नाही. ते वाट पाहते. त्याचा धूर श्वासात जातो, भुकटी बोटांवरून भाकरीत जाते, आणि माणूस वर्षानुवर्षे थोडा थोडा खराब होतो. जो धोका आवाज करतो त्याचा नियम होतो, जो गप्प राहतो त्याचा होत नाही.

पुढच्या शतकात बार भरण्याचा वेग हीच फौजेची ताकद झाली. इब्राहिमखान गारद्याची पायदळ पलटण पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी ज्या बळावर लढली, ते बळ कवायतीचे होते. सर्वांनी एका हुकुमावर भरायचे, एका हुकुमावर झाडायचे. या कवायतीत दारू मापत बसायला वेळ नाही. म्हणून कागदाची पुडी आली. मापलेली दारू आणि गोळी एकाच कागदात. दाताने कागद फाडायचा, दारू नळीत ओतायची, मग गोळी ठासायची. हेच काडतूस.

काडतुसाने सोय केली, पण एक ताटातूटही केली. आतापर्यंत साधारणपणे जो बार भरायचा तोच झाडायचा. आत काय आहे ते त्याला ठाऊक असे. आता भरणारा कुठेतरी लांब दारूखान्यात, आणि झाडणारा छावणीत. १८५७ चा वणवा या ताटातुटीच्या जागीच पेटला. नव्या एनफिल्ड रायफलीचे काडतूस नळीत सरकावे म्हणून त्याला चरबी लावलेली. कसली चरबी? जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम इथे दारूखान्यातल्या एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाकडे लोट्यातले पाणी मागितले. शिपायाने जातीमुळे नाकारले. तेव्हा खलाशी म्हणाला की, लवकरच गाईची आणि डुकराची चरबी दाताने तोडाल, मग जात कुठे राहील? ही हकीगत इंग्रज अधिकाऱ्यांच्याच कागदांत आहे. सरकारने शिपायांना स्वतः तूप-मेण लावायची मुभा दिली, पण विश्वास उडाला तो उडालाच. मेरठच्या तिसऱ्या घोडदळातल्या ८५ स्वारांनी २४ एप्रिलला काडतुसे घ्यायला नकार दिला. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही. ९ मे रोजी त्यांच्या पायांत बेड्या पडल्या आणि १० मे रोजी मेरठ उठले.

आपण मंगल पांडेंचे नाव घेतो, ते घ्यायलाच हवे. पण त्या खलाशाचे नाव कोणाला ठाऊक आहे? बार भरणारा हात आपल्या इतिहासात एकदाच बोलला, आणि तोही निनावी राहिला.

त्यानंतर भरणाऱ्यांची संख्या वाढतच गेली. १८६९ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, खडकीला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना उभा राहिला. ज्या खडकीत १८१७ साली पेशवाईचा निर्णायक पराभव झाला, तिथेच काडतुसे भरली जाऊ लागली. १८७८ च्या हत्यार कायद्याने हिंदी माणसाला बिनपरवाना हत्यार बाळगणे बंद झाले. खेड्यात उरली ती पिकाच्या राखणीची ठासणीची बंदूक, तीही परवान्याने. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. परवान्याशिवाय घरी काडतूस तयार करणे आजही आपल्याकडे गुन्हा आहे. खडकीचा कारखाना २०२१ पासून 'म्युनिशन्स इंडिया' या सरकारी कंपनीखाली चालतो.

यादरम्यान गोळीही बदलली. १८८० नंतर बिनधुराची जोरदार दारू आली. तिच्या वेगापुढे मऊ शिसे टिकेना. नळीच्या आत शिशाचा लेप धरू लागला. म्हणून गोळीवर तांब्याचे कवच चढले. ते कवच टोकाशी उघडे ठेवले की गोळी शरीरात फुलते आणि जखम भयंकर होते. असली गोळी डमडमला तयार झाली, म्हणून तिला जगभर 'डमडम' म्हणतात, आणि १८९९ च्या हेगच्या परिषदेने युद्धात तिच्यावर बंदी घातली. जगाने शिशाविरुद्ध नियम केला, पण तो ज्याला गोळी लागते त्याच्यासाठी. जो ती बनवतो त्याच्यासाठी नव्हे.

घरी गोळी ओतण्याची रीत संपली, असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत कायद्याने परवानगी असल्यामुळे हजारो लोक आजही घरच्या टेबलावर काडतुसे भरतात. १९३५ मध्ये तिथे '.३५७ मॅग्नम' हे जोरकस रिव्हॉल्व्हरचे काडतूस निघाले. गोळीची जाडी जुन्या '.३८ स्पेशल'इतकीच. मग कोणी चुकून हे जोरदार काडतूस जुन्या, नाजूक रिव्हॉल्व्हरमध्ये घातले तर? म्हणून त्याचे नळकांडे मुद्दाम सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब केले, की ते जुन्यात बसूच नये. अबुल फजलच्या 'पाव भाग भरा'चाच हा नवा अवतार. या मॅग्नमसाठी शिशाची गोळी ओतायची तर नुसते शिसे चालत नाही. त्यात कथील आणि अँटिमनी मिसळून ते कठीण करतात, खाचांत मेणाचे वंगण भरतात. तिथल्या जाणत्या माणसांचे नियम कडक असतात. छापील तक्त्यापेक्षा दारूचा कणही जास्त नको. प्रत्येक नळकांड्यात डोकावून पाहा, दोनदा तर भरले नाही ना. वितळलेल्या शिशाजवळ पाण्याचा थेंब नको, तो वाफ होऊन शिसे तोंडावर उडवतो. आणि मग शिशाचे नियम येतात. उघड्या हवेत ओता. तिथे खाऊ-पिऊ नका. हात धुवा, कपडे वेगळे ठेवा. मुलांना जवळ येऊ देऊ नका. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीवरच बंदी आहे. मेलेल्या जनावरातले शिसे खाऊन तिथली दुर्मीळ गिधाडे मरत होती.

हे शिशाचे नियम लिहायला माणसाला फार उशीर लागला. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की, रक्तात शिशाचे अमुक प्रमाण सुरक्षित, असे काही नाहीच. मोठ्यांपेक्षा मुलांच्या शरीरात ते जास्त शोषले जाते, हाडांत साठते आणि वाढत्या मेंदूला इजा करते. ती इजा पुन्हा भरून निघत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. चौथीत असूनही अक्षरे जुळवताना अडखळायचा, दुपारी पोट धरून बसायचा. घरी गेले तेव्हा दिसले की, अंगणात जुन्या बॅटऱ्या फोडलेल्या आणि कढईत शिसे वितळत होते. भंगाराच्या धंद्यावर आपल्या समाजातली कितीतरी घरे चालतात. त्याला नावे ठेवायचा मला अधिकार नाही. मुलगा जाळाशी बसून अब्बांना पळी देत होता. त्याच्या मागे पडण्याचे कारण शिसेच, असे मी रक्ताच्या तपासणीवाचून म्हणणार नाही. मी त्याच्या अम्मीला एवढेच सांगितले की, दवाखान्यात शिशाचे नाव घेऊन तपासणी मागा, आणि उद्यापासून याला इथे बसवू नका. ती म्हणाली, "मॅडम, धूर तर दिसतच नाही."

तिचे बरोबर होते. दारूचा धूर दिसतो. शिशाचा दिसत नाही.

नानींचा साचा हाती आल्यावर मी मामांना विचारले की, गोळ्या घरात कुठे ओतायचे? मामा म्हणाले, घरात कधीच नाही. ही त्यांनी मोठ्यांकडून ऐकलेली गोष्ट. नानींच्या सासूबाईंचा हुकूम होता, "घर में नको, बाहर जाको करो." गोठ्याच्या पलीकडे, वाऱ्याच्या दिशेने पाठ करून तीन दगडांची वेगळी चूल मांडायची. मुलांनी तिकडे फिरकायचे नाही. शिशाची पळी पुन्हा स्वयंपाकघरात येत नसे. ती गोठ्याच्या खुंटीलाच टांगलेली असे. काम झाले की पुरुषांनी आधी हात घासायचे, मग उंबरा ओलांडायचा. ती बाई शिकलेली नव्हती. तिला ३२७ अंश ठाऊक नव्हते, मेंदूवरचा परिणामही ठाऊक नव्हता. हे काम घरचे नव्हे, एवढे तिने ओळखले होते.

आज्ञापत्रात जो नियम आगीसाठी आला, तो लोणीच्या एका अडाणी बाईने शिशासाठी आपल्या उंबऱ्यापुरता केला होता. तो कोणी लिहून ठेवला नाही, म्हणून तो त्या उंबऱ्याबाहेर गेला नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या अंगणापर्यंत तर नाहीच.

आता तो साचा माझ्याकडे आहे. इतिहासाच्या तासाला मी तो वर्गात नेते. मुले विचारतात, "मॅडम, याने किती माणसे मेली असतील?" मी सांगते, याने रानडुकरे हाकलली असतील. मग मीच त्यांना विचारते, "याला हात लावल्यावर काय करायचे?"

सगळा वर्ग उठून नळाकडे जातो.